जुनी फोर-बाय-फोर घ्यायची? आधी गाडीखाली शिरा

विकायला काढलेल्या जुन्या फोर-बाय-फोरचे, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे फोटो बहुधा एकाच ठरलेल्या कोनातून काढलेले असतात. पुढून, जरा खालून, एक चाक दगडावर चढवलेलं. रुबाब दिसतो, प्रश्नच नाही. पण या गाडीनं काय काय सोसलंय ते बॉनेटवरून कळत नाही, पोटाखालून कळतं. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण जणू अशाच गाड्यांसाठी केलेली असावी. म्हणून माझा क्रम उलटा असतो: आधी खालची बाजू, मग इंजिन, मग चालवून बघणं, आणि रंग, सीट, म्युझिक सिस्टीम सगळ्यात शेवटी.

त्याच्याही आधी एक काम घरी बसून करायचं असतं.

स्वतःचा हिशेब

मागचं वर्ष आठवा. डांबर सोडून किती दिवस गाडी चालवली? आणि कशावर? खडीचा कच्चा रस्ता, ओली माती, रेती, की दगडांच्या पायऱ्या? आठवड्याचे पाच-सहा दिवस गाडी ऑफिसला जाणार, पार्किंगमध्ये शिरणार, मुलांना आणणार-सोडणार. उरलेल्या दिवसांतले काहीच डोंगरात. गाडी निवडायची ती या प्रमाणात. रविवारच्या एका चढासाठी घेतलेली कडक, गोंगाट करणारी गाडी सोमवार ते शुक्रवार नकोशी होते आणि वर्षभरात पुन्हा विक्रीला निघते. बाजारात अशा गाड्या बऱ्याच असतात, आणि शोधणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं.

रोजचं अंतर किती, हेही मोजा. नव्या पिढीच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यात साचलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग, गरम आणि जरा वेगात चालावी लागते. रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचा आणि सगळा सिग्नलमधला असेल, तर तो फिल्टर तुंबत राहतो. अशा माणसानं पेट्रोल बघावं. डिझेलची खालच्या आरपीएमवरची ओढ डोंगरात छान वाटते हे खरं, पण फिल्टरचं दुखणं रोजचं असतं.

ताकद चाकांपर्यंत जाते कशी

‘फोर व्हील ड्राइव्ह’ या एका नावाखाली तीन वेगळ्या जाती विकल्या जातात. इथे गोंधळ झाला तर पुढची सगळी तपासणी फुकट.

पहिली जात पार्ट-टाइम. एरवी मागची दोन चाकं ओढतात. गरजेला ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) किंवा ४एल (चारही चाकं, सावकाश पण जास्त ओढ) टाकायचं. सुझुकी जिम्नी, जीप रँग्लरच्या बहुतेक आवृत्त्या आणि बरेचसे पिकअप यातले. यात पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची रचना, नसते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, त्यामुळे त्यांना जास्त फिरावं लागतं. मातीवर टायर थोडे घसरतात आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, आणि तो ताण ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), शाफ्ट आणि जॉइंट्सवर जातो. म्हणजे पावसाळी किंवा बर्फाळ रस्त्यावर, जिथे कधी ओलं कधी कोरडं असतं, तिथे ही व्यवस्था तितकीशी सोयीची नाही.

दुसरी फुल-टाइम. मध्ये सेंटर डिफरन्शियल असल्यानं चारही चाकं कायम ओढतात, आणि कठीण जागी ते डिफरन्शियल लॉक करता येतं. टोयोटा लँड क्रूझरचे बरेच प्रकार आणि जुनी लँड रोव्हर डिफेंडर अशा आहेत. मित्सुबिशीनं १९९१च्या पजेरोत सुपर सिलेक्ट आणून दोन्हींचा मेळ घातला: टू व्हील ड्राइव्ह, डांबरावर चालणारं फोर व्हील आणि लॉक केलेलं फोर व्हील, सगळं एका लिव्हरवर. रोजचा रस्ता आणि डोंगर दोन्ही हवे असणाऱ्यांसाठी ही रचना मला आजही सगळ्यात शहाणी वाटते.

तिसरी ऑल व्हील ड्राइव्ह. बहुतेक सॉफ्ट-रोडर, म्हणजे मुख्यतः डांबरासाठीच्या एसयूव्ही यातल्या. पुढची चाकं घसरली की क्लचप्लेटांच्या मदतीनं ताकद मागे पाठवली जाते, आणि लो रेंज (४एलची सावकाश व्यवस्था) बहुधा नसते. कच्चा रस्ता, ओलं गवत, हलका चिखल यांना ती पुरते. वरच्या हिशेबात तुमचे सगळे दिवस खडीच्या रस्त्याचे निघाले असतील, तर हीच घ्या आणि कुणी हसलं तर हसू द्या.

लो रेंज म्हणजे नक्की काय

४एल टाकलं की ट्रान्सफर केस चाकांचा वेग आणखी कमी करते आणि ओढ तितक्या पटीनं वाढवते. गाडी किती सावकाश रांगू शकते हे काढायला तीन गुणोत्तरं गुणायची: पहिला गिअर, लो रेंज आणि फायनल ड्राइव्ह (अ‍ॅक्सलमधले शेवटचे गिअर). २०१८पासूनच्या मॅन्युअल जिम्नीत हे ४.४२५ गुणिले २.००२ गुणिले ४.०९, म्हणजे साधारण ३६. इंजिन ३६ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. रँग्लर रुबिकॉनची लो रेंजच ४ आहे. तिच्या जेएल पिढीच्या मॅन्युअल गाडीत गुणाकार ८४च्या आसपास जातो. दगडांवर रांगायला ८४ म्हणजे चैन. पण जिम्नी इतकी हलकी की ३६वरही ती भल्याभल्यांना मागे टाकते.

या आकड्याचा उपयोग चढापेक्षा उतारावर जास्त. लांब, तीव्र उतारावर लो रेंजचा पहिला गिअर गाडी धरून ठेवतो आणि ब्रेक तापत नाहीत. असे उतार तुमच्या वाटेवर असतील तर लो रेंजशिवाय गाडी घेऊ नका. या एका मुद्द्यावर मी तडजोड करत नाही.

आणखी एक गैरसमज. चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे चारही ओढतात असं नाही. साधं डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेनं जाऊ देतं. एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं एक मागचं चाक हवेत गेलं की तीच दोन गरगर फिरतात आणि गाडी जागेवर राहते. यावर उपाय दोन: दोन्ही चाकं एकत्र जखडणारं डिफरन्शियल लॉक, किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवणारा ट्रॅक्शन कंट्रोल. २०१८पासूनच्या जिम्नीत लॉक नाही, ब्रेकचा उपाय आहे, आणि तो चांगला चालतो. गाडी बघताना यातलं काय आहे ते नावानिशी विचारा.

उंची फसवते, कोन नाही

जाहिरातीत ग्राउंड क्लिअरन्स मोठ्या अक्षरात असतो. सुबारू फॉरेस्टरचा बऱ्याच बाजारांत २२० मिलिमीटर आणि जिम्नीचा २१०. मग फॉरेस्टर जास्त चढेल? नाही, कारण दगडाला आधी लागतं ते नाक, शेपूट किंवा पोट. त्यासाठी तीन कोन बघायचे: अप्रोच (पुढचा), डिपार्चर (मागचा) आणि ब्रेकओव्हर (पोटाचा). तीन दारांच्या जिम्नीचे हे ३७, ४९ आणि २८ अंश आहेत. पाच दारांच्या जिम्नीची दोन चाकांमधली लांबी २२५०ची २५९० मिलिमीटर झाली आणि ब्रेकओव्हर २८वरून २४ अंशांवर आला. नाव तेच, पण उंचवट्यावर पोट टेकणारी गाडी कोणती ते या चार अंशांनी ठरतं. उलट मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान रोज असेल तर लांब गाडीच बरी.

लॅडर फ्रेम (शिडीसारखा सांगाडा, त्यावर वेगळी बॉडी) की मोनोकॉक (सांगाडा आणि बॉडी एकच), यावर वाद घालणारे थकत नाहीत. १९९९ची पजेरो मोनोकॉक होती, २०१९ साली आलेली नवी डिफेंडरही मोनोकॉक आहे, आणि दोघी डोंगरात जातात. जुन्या गाडीत महत्त्वाचं ते हे की फ्रेमचा गंज दिसतो आणि पैसे खर्चून का होईना वेल्डिंगनं सावरता येतो. मोनोकॉकची बॉडी खालून सडली तर ते काम फार अवघड होतं.

जायच्या आधी फोनवर

फार लांबण लावू नका. चार गोष्टी विचारा: सर्व्हिसची पावतीबुकं आहेत का, टायमिंग बेल्ट कधी बदलला, गाडी पाण्यातून नेली का आणि त्यानंतर डिफरन्शियलचं तेल बदललं का, लिफ्ट किट (गाडी उंच करायचं साहित्य) किंवा मोठे टायर कधी लावले. मग एक विनंती: ‘मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.’ थंड इंजिनच खरं बोलतं. पोचल्यावर बॉनेट गरम लागला, तर मालकानं काहीतरी लपवलंय असं धरून चाला.

आता गाडीखाली

जुने कपडे, टॉर्च, एक स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. उंच गाड्यांखाली जॅक न लावताही शिरता येतं. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली मात्र कधीच शिरू नका, खाली पक्के स्टँड हवेत.

सुरुवात फ्रेमपासून. हातोडीनं हलकेच ठोकत जा: चांगलं पोलाद खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत. मागच्या चाकांच्या वर जिथे फ्रेम वाकते ती जागा, पाटे किंवा स्प्रिंग बसतात ते ब्रॅकेट, बॉडी माउंट, आणि फ्रेमच्या आतली बाजू जिथे चिखल साठून ओला राहतो. समुद्राजवळ किंवा बर्फावर मीठ टाकतात अशा भागात चाललेल्या गाडीला दुप्पट वेळ द्या. वरवरचा तांबूस गंज चालतो. पापुद्रे निघत असतील, स्क्रूड्रायव्हर आत जात असेल, तर उठा, आभार माना आणि निघा. आणि खाली नुकताच काळा रंग मारलेला असेल तर दसपट सावध व्हा. विक्रीच्या आदल्या आठवड्यात गाडीच्या पोटाला रंग मारायची हौस कुणाला उगाच येत नाही. जुन्या डिफेंडरच्या बाबतीत ‘हिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, गंजत नाही’ हे ऐकून भुलू नका. चॅसी आणि पुढची बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) पोलादाचीच आहे, आणि दोन धातू भिडतात तिथे अ‍ॅल्युमिनियमही खाल्लं जातं.

मग ठोकरा बघा. ट्रान्सफर केसखालचा संरक्षक पत्रा, डिफरन्शियलचा गोळा, कंट्रोल आर्म, इंधनाची टाकी. ओरखडे असणारच, ती फोर-बाय-फोर आहे. पण वाकलेला टाय रॉड, चेपलेली टाकी किंवा फ्रेमवर नवं वेल्डिंग दिसलं तर त्याची कहाणी मालकाकडून ऐका आणि पटली तरच पुढे जा.

प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळा. किंचित हलणार, पण युनिव्हर्सल क्रॉसमध्ये खटखट लागली तर तो गेलाय. हे काम स्वस्तातलं. पुढच्या अ‍ॅक्सलचे रबर बूट बघा. फाटलेल्या बुटातून ग्रीस बाहेर आणि वाळू आत गेलेली असते, म्हणजे आतला जॉइंटही संपत आलेला. सस्पेन्शनच्या बुशांना भेगा, शॉकअब्सॉर्बरवर तेल, ब्रेकच्या पायपांवर गंज, हे सगळं लिहून घ्या. यातली एकेक गोष्ट किरकोळ असते, पण दहा जमल्या की भाव बदलतो.

तेलं बोलतात

शक्य असेल तर पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचा आणि ट्रान्सफर केसचा फिलर बोल्ट मालकासमोर उघडायला सांगा. बोट बुडवा. तेल दुधाळ, राखाडी दिसलं तर आत पाणी गेलंय. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. श्वास घ्यायची नळी तुंबलेली किंवा तुटलेली असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. असं तेल कितीतरी महिने बदललं गेलेलं नसतं, आणि बेअरिंग आतून कुरतडली जातात. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर बारीक करडी लुकण चालते, पण चमचमते तुकडे चालत नाहीत.

मालक बोल्ट उघडू देत नसेल तर भांडू नका. पैसे देऊन आपल्या मेकॅनिककडे तपासून घ्यायचा प्रस्ताव ठेवा. त्यालाही नकार आला, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

इंजिन आणि पाण्याच्या खुणा

इंजिनची तपासणी कुठल्याही जुन्या गाडीसारखीच. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. त्यापलीकडे या गाड्यांत एक जागा खास उघडायची: एअर फिल्टरची पेटी. तळाशी वाळलेला चिखल किंवा पाण्याची रेघ असेल तर इंजिननं पाणी प्यायच्या बेतापर्यंत गाडी बुडाली होती. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन तरीही काही काळ चालतं, आणि मग एक दिवस रॉड बाहेर येतो.

पुराच्या गाडीसाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग धुतात, गुंडाळीतला शेवटचा फूट कुणी धूत नाही. सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालचा कुबट वास हेही तपासा. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मध्ये चिखल घट्ट बसलेला असतो. तो नीट निघाला नाही तर घाटात इंजिन तापतं.

स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र, सोबत असू द्या. एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, मॉनिटर (गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या) ‘रेडी’ आहेत का ते बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे.

चालवून बघणं: दोन जागी

डांबरावर किमान अर्धा तास. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून सावकाश पुढे जा, मग दुसऱ्या बाजूला. टकटक आली तर पुढचे जॉइंट गेलेत. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात अ‍ॅक्सलरेटर दाबा: आरपीएम चढतोय आणि गाडी तिथेच, म्हणजे क्लचप्लेट संपली. डोंगरात चाललेल्या मॅन्युअल गाडीत हे हमखास तपासा. ऑटोमॅटिकमध्ये डीवरून आरवर टाकताना धक्का किंवा उशीर आणि तेलाला जळका वास नको.

पुढे सलग अ‍ॅक्सल असलेली गाडी हायवेच्या वेगाला एखाद्या खड्ड्यावरून न्या. स्टिअरिंग अचानक वेड्यासारखं थरथरू लागलं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबलं नाही, तर ते डेथ वॉबल. कारण ट्रॅक बारचे बुश, बॉल जॉइंट, किंगपिनची बेअरिंग, टाय रॉडची टोकं किंवा टायरचा बॅलन्स. नवाकोरा स्टिअरिंग डॅम्पर दिसला तर शंका घ्या, तो बऱ्याचदा दुखणं झाकायला लावलेला असतो.

मग मोकळ्या मातीवर. ४एच टाका, सरळ जा, वळा. दिवा लागतो का, पुढचं अ‍ॅक्सल खरंच ओढतं का? मॅन्युअल हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलला हातानं जोडायचे खटके) असतील तर ते स्वतः फिरवून बघा. थांबून ४एल टाका, पहिल्या गिअरमध्ये चालवा आणि पाय झटक्यात उचला. लिव्हर आपणहून बाहेर उडाली तर ट्रान्सफर केस आतून झिजली आहे. डिफरन्शियल लॉक असेल तर तोही लावून काढून बघा.

‘फोर व्हील कधी वापरलंच नाही’ असं अभिमानानं सांगणारा मालक भेटेल. ऐकायला गोड, पण वर्षानुवर्षं न हललेल्या लिव्हरी, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि मोटरी अडकून बसतात. वापरलेली आणि निगा राखलेली गाडी मला न वापरलेलीपेक्षा जास्त आवडते.

रोजच्यासाठीही ही वेळ वापरा. वळायला किती जागा लागते, मागच्या सीटवर बसून मणका ठोकतो का, मड टायरच्या आवाजात बोलता येतं का? घरचं दुसरं कुणी गाडी चालवणार असेल तर त्यांनाही चालवू द्या.

टायर आणि केलेले बदल

चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, विशेषतः फुल-टाइम आणि ऑल व्हील ड्राइव्हमध्ये. नाहीतर मधली यंत्रणा सतत फरक भरून काढत तापते. टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. खाचा खोल असल्या तरी रबर म्हातारं असू शकतं.

बदल केलेली गाडी घ्यावी का? मी शक्यतो मूळ अवस्थेतली बघतो. समजा २९ इंची टायरच्या जागी ३३ इंची बसवले. अ‍ॅक्सलखाली दोन इंच मिळाले, पण गिअरिंग जवळपास १४ टक्क्यांनी लांबलं, ओढ आणि रांगण्याची ताकद साधारण १२ टक्क्यांनी घटली. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८वर असते, ब्रेकवर बोजा वाढतो. दोन इंचांहून जास्त लिफ्ट असेल तर शाफ्टचे कोन, ब्रेकचे पाइप आणि स्टिअरिंगची भूमिती सुधारली आहे का ते विचारा. पोलादी बंपर, विंच, छतावरचा तंबू यांचं वजन माणसं आणि सामानासाठी ठरलेल्या क्षमतेतून वजा होतं. हे बदल तुमच्याकडच्या वाहन कायद्यात आणि विम्यात बसतात का ते सौदा होण्यापूर्वीच बघून घ्या. चॅसी नंबर कागदाशी जुळवणं आणि कर्जाचा बोजा तपासणं ही कामंही तेव्हाच.

घेतल्यानंतर

सगळे पैसे खरेदीत घालू नका. पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलची तेलं बदला, ब्रेक ऑइल आणि कूलंटही. बेल्टची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजा. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. डिफरन्शियलच्या श्वासनळ्या मोकळ्या करून शक्य तितक्या वर बांधा.

पुढे-मागे फ्रेमला बसवलेले, वजन सोसणारे ओढण्याचे हुक हवेत. ट्रेलरचा गोळा त्यासाठी नाही. अडकलेली गाडी त्याला दोर लावून झटक्यानं ओढली तर तो तुटून गोळीसारखा उडतो, आणि यात माणसं मेली आहेत.

पहिली वाट सोपी निवडा, सोबत दुसरी गाडी असू द्या आणि जायच्या आधी टायरमधली हवा मोजून ठेवा. परतल्यावर गाडी खालून धुवा आणि रात्रभर कोरड्या फरशीवर उभी करून खाली पुठ्ठा पसरा. सकाळी त्यावर पडलेले थेंब कुठल्या भागाखाली आहेत त्याची खूण करा आणि पुन्हा एकदा टॉर्च घेऊन खाली शिरा.